घरातील व गोठ्यातील निकामी औषधांची विल्हेवाट

शेतकऱ्याच्या घरातील कोनाड्यात बहुधा औषधांचा एक जुना डबा असतो. तापाच्या चार गोळ्या, लेकराच्या खोकल्याचे अर्धे उरलेले औषध, डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची शिशी, म्हातारपणीच्या दुखण्यावरील मलम, आणि त्यांच्याच शेजारी बैलाला टोचण्यासाठी आणलेल्या औषधाची अर्धी कुपी. "पैसे मोजून आणलेले आहे, केव्हातरी उपयोगी पडेल," या विचाराने हे सर्व जपून ठेवले जाते. पुढे केव्हातरी साफसफाई होते व डबा उकिरड्यावर, ओढ्यात किंवा चुलीत रिकामा केला जातो. जपून ठेवणे आणि असे फेकणे, या दोन्ही रीती घातक आहेत. निकामी औषध हा साधा केरकचरा नव्हे. ते अशा रीतीने बाहेर काढावे की, पुन्हा कोणा माणसाच्या, जनावराच्या किंवा पाखराच्या पोटात ते जाणार नाही.

निकामी औषध कोणते

वेष्टनावर मुदत संपण्याचा महिना व वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते, त्यानंतर नाही. परंतु मुदत शिल्लक असूनही औषध निकामी होते. पाणी घालून तयार केलेले मुलांचे पातळ औषध वेष्टनावर सांगितलेल्या थोड्याच दिवसांत संपवावे लागते. डोळ्यांच्या थेंबांची शिशी एकदा फोडली की सामान्यतः महिन्याभरानंतर वापरू नये. ज्या कुपीच्या रबरी बुचातून अनेकदा सुई घातली गेली आहे, जी उन्हात राहिली आहे किंवा जिच्यावरील नाव पुसले गेले आहे, तीही निकामीच समजावी.

मुदत संपलेले औषध फार तर गुण देणार नाही, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. मुदत संपून बिघडलेल्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात १९६३ सालीच नोंदली गेली आहेत. तसेच जंतुनाशक गोळ्या अर्ध्यावर सोडून उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला घेतल्या, तर जंतू पुरते मरत नाहीत. जे उरतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात.

गिधाडांपासून घ्यावयाचा धडा

एका औषधाचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे आपल्या देशाने पाहिले आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नष्ट झाली. २००४ साली कारण उघड झाले. जनावरांना वेदना व सूज यांसाठी डायक्लोफिनॅक टोचले जाई. असे जनावर लवकरच मेले तर औषध त्याच्या मांसात राही, ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई व ते मरे. पुढे मेलेली जनावरे मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला आली.

२००६ साली केंद्र शासनाने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपीही एका मात्रेची, म्हणजे ३ मिलिलिटरची, करण्यात आली. घरातील उरलेली दुखण्याची गोळी किंवा सुई बैलाला देणे का टाळावे, याचे उत्तर या हकिकतीत आहे. जनावर दुखण्याने पडले तर पशुवैद्यकास बोलवावे. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅमसारखे औषध तो देऊ शकतो.

कोठे टाकू नये

उकिरड्यावर टाकू नये. तेथे कोंबड्या चोचा मारतात, शेळ्या तोंड घालतात, मुले खेळतात. आणि तेच खत पुढे कपाशीला व मोसंबीच्या आळ्यात पडते.

गोबर गॅसच्या टाकीत, शोषखड्ड्यात किंवा संडासाच्या टाकीत टाकू नये. तेथील घाण कुजविण्याचे व गॅस तयार करण्याचे काम जंतूच करीत असतात. जंतुनाशक औषध त्यांनाही मारते.

ओढ्यात, विहिरीत किंवा नदीत टाकू नये. कुंडलिकेचे पाणी दुधनेला, दुधनेचे पूर्णेला व पूर्णेचे गोदावरीला मिळते. वरच्या गावाने टाकलेली वस्तू खालच्या गावाच्या पाण्यात उतरते. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या म्हणजे थोडे पाणी लवकर दूषित होते.

चुलीत किंवा होळीत जाळू नये. २०१६ च्या जैव वैद्यकीय कचरा नियमांनुसार कर्करोगावरील पेशीमारक औषधे १२०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेच्या भट्टीत जाळावी लागतात. चुलीची आच त्यापुढे काहीच नाही. औषध धड जळत नाही आणि वेष्टनाचा विषारी धूर मात्र स्वयंपाकघरात पसरतो. दम्याच्या फवाऱ्याची डबी आगीत फुटते. तीस भोकही पाडू नये.

शेजाऱ्यास देऊ नये. एकाच्या रोगाचे औषध दुसऱ्यास विष ठरू शकते.

कशी विल्हेवाट लावावी

१. डबा रिकामा करून माणसांची औषधे, जनावरांची औषधे आणि सुया असे तीन भाग करावेत. कीटकनाशकांच्या बाटल्या यात मिसळू नयेत. त्यांची जागा घरात नाहीच.

२. निकामी औषधे मूळ वेष्टनातच, झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी कुलुपात ठेवावीत. डब्यावर "निकामी औषधे – वापरू नयेत" असे ठळक लिहावे.

३. माणसांची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा औषधाच्या दुकानात घेतात काय, हे आधी विचारावे. सर्वच दुकानदार ती स्वीकारत नाहीत. जनावरांच्या औषधांची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. औषधे तेथे घेत असल्यास बाजाराच्या दिवशी नेऊन द्यावीत.

४. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात टाकावी. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण घट्ट बसवून आरोग्य केंद्रात द्यावा.

५. औषधे कोठेच घेत नसतील व गावात कचरागाडी येत असेल, तर गोळ्या पाकिटातून काढाव्यात, कुटू नयेत. त्या ओली माती, राख किंवा वापरलेला चहाचा चोथा यांत कालवून जाड पिशवीत बांधाव्यात आणि पिशवी गाडीवर वेगळी द्यावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, हे गाडीवाल्यासही सांगावे. रिकामी पाकिटे कापून टाकावीत, म्हणजे कोणी पुन्हा भरून विकणार नाही. औषधाच्या बाटलीत तेल, रॉकेल किंवा पाणी भरू नये.

६. जेथे कचरागाडीही येत नाही, तेथे डबा कुलुपात ठेवून तालुक्याच्या खेपेला शहरातील कचरा व्यवस्थेकडे द्यावा. वर्षभराची औषधे एका लहान डब्यात मावतात. ती वाहून नेणे अवघड नाही.

याला एक अपवाद आहे. फेंटॅनिल, मॉर्फिन यांसारखी तीव्र वेदनाशामक औषधे असाध्य रोग्यासाठी घरी आलेली असतात. त्यांची एक मात्राही मुलाचा जीव घेऊ शकते. रोगी गेल्यावर ती प्रथम देणाऱ्या रुग्णालयात परत करावीत. ते शक्य नसेल तर ती घरात न ठेवता शौचकुपात ओतावीत, अशी सूचना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली अशा १७ औषधांपुरती केली आहे. इतर औषधांना ती लागू नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

केरळात कोझिकोड शहर व उल्लियेरी ग्रामपंचायत येथे २०२५ साली घरोघरची निकामी औषधे गोळा करून भट्टीत जाळण्याची योजना सुरू झाली. खेड्यालाही हे जमते, हे त्यावरून दिसते. मात्र गोळा केलेला माल कोण नेणार, हे आरोग्य केंद्र व ग्रामपंचायत यांच्याशी लेखी ठरल्यावाचून पेटी मांडू नये. नाही तर घराघरांतील धोका एका खोलीत जमा होईल. ठरल्यानंतर ग्रामसभेत माहिती द्यावी. आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने एक दिवस नेमावा. पेटीस कुलूप असावे व आलेले औषध कोणासही वापरण्यास देऊ नये.

घरच्या तपासणीसाठी नवी तारीख लक्षात ठेवण्याची गरज नाही. पोळ्याला बैल धुताना गोठ्यातील औषधे पाहावीत, नवरात्रापूर्वी घर धुऊन काढताना कोनाडा पाहावा. तसेच वैद्याने सांगितली तेवढीच औषधे विकत घ्यावीत व सांगितली तितके दिवस पुरी करावीत. मग कोनाड्यात उरण्यासारखे फारसे काही राहणार नाही.