अंजिराचा लेप

प्रिय बाळा,



तुझं पत्र परवा आलं. बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी गोळ्यांचं लिहिते. बाहेरून आलेल्या त्या प्रचारकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून तू पूर्ण बरी झालीस असं जाहीर केलं, आणि आता टॅमॉक्सिफेन घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं सांगितलं. तेव्हापासून तू रोज रात्री गोळी हातात घेऊन विचार करत बसतेस. आज जेवण झालं की ती गोळी घे. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

तुझी गाठ हॉर्मोनवर पोसणारी होती. शस्त्रक्रियेनं ती काढली, केमो आणि रेडिएशन झालं, तरी कुठल्याच स्कॅनला न दिसणारी एखादी पेशी शरीरात राहिलेली असू शकते. तिला वाढायला इस्ट्रोजेन लागतं. टॅमॉक्सिफेन त्या पेशीवरची इस्ट्रोजेनची जागा अडवून ठेवते. म्हणून ती पाच वर्षं घ्यायची, काही जणींना दहा वर्षं. बरं वाटावं म्हणून ती दिलेलीच नाही, दुखणं परत येऊ नये म्हणून दिली आहे. त्यामुळं बरं वाटतंय हे ती सोडायचं कारण होऊ शकत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गाऊन भिजतो, हे तू लिहिलंस. ते या गोळीचं नेहमीचं आहे. डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात. पण अंगावरून अवेळी रक्त गेलं, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखव.

आता शास्त्राचं. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवून रडून प्रार्थना केली. देवानं ती ऐकली आणि यशया संदेष्ट्याला परत पाठवलं: राजाला आणखी १५ वर्षं मिळतील. इतकं स्पष्ट वचन मिळाल्यावर यशयानं काय करावं? त्यानं अंजिराचा लेप आणायला सांगितला. तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हे आहे, पुन्हा काढून वाच. वचन देवाचं, प्रार्थना राजाची, आणि लेप अंजिराचा. यशयाला यात कुठंही विसंगती दिसली नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, तेव्हा पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्याचा विश्वास कमी पडतोय असं लिहिलं नाही. औषधाला अविश्वास म्हणणाऱ्या माणसानं ही पानं कधी वाचली असतील, असं मला वाटत नाही. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण तुझ्या जिवाची जबाबदारी ते घेणार नाहीत.

माझी सगळी नोकरी मिशन हॉस्पिटलात गेली हे तुला माहीत आहे. आमच्या सर्जनची एक रीत होती. पेशंट टेबलावर आला की हात धुऊन झालेले डॉक्टर कोपरं वाकवून, हात वर धरून, कशालाही न शिवता उभे राहायचे. कोपरावरून पाणी गळत असायचं. त्या अवस्थेत डोळे मिटून ते पेशंटचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. पेशंट कुठल्याही धर्माचा असो, आधी त्याला विचारून. मग आमेन म्हणायचे आणि गाऊन चढवायचे. पोट शिवायच्या आधी गॉझचे तुकडे मोजले जायचे. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत टाका पडायचा नाही, मग कितीही उशीर होवो. प्रार्थना केली आहे म्हणून आज मोजणी नको, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. माझा विश्वास त्या खोलीत घडला. मिरजेचं इस्पितळही अशाच माणसांनी उभं केलं. डॉ. वॉन्लेस १८८९ मध्ये या देशात आले, १८९४ मध्ये तिथं इस्पितळ सुरू झालं, आणि मग त्यांनी डॉक्टर घडवण्यासाठी वैद्यकीय शाळाही काढली. देव बरं करतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर ते हत्यारं उकळून घ्यायला शिकवत होते.

दुसरं तू लिहिलंस ते वाचून माझा जीव कळवळला. माझ्या हातून काय पाप झालं म्हणून मला हे झालं, असं तू विचारतेस. महिला मंडळातल्या कुणीतरी तुला हे सुचवलं असणार. हा प्रश्न माणसाच्या मनात सहसा बाहेरून येतो. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडं बघून शिष्यांनी प्रभूला नेमकं हेच विचारलं होतं: पाप याचं की याच्या आईबापाचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर चांगलेच होते. तोंड उघडून त्याच्या दुखण्याचं कारण सांगायला लागले, तेव्हा चुकले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. तुझ्या पेशींमध्ये जे बिघडलं ते शरीरात बिघडलं. त्याचा हिशोब देवाच्या वहीत तुझ्या नावावर मांडायचा अधिकार कुणालाही नाही.

पंडिता रमाबाईंचं आठव. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. कानानं ऐकू कमी येत गेलं आणि ते राहून गेलं. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथं जी आत्मिक जागृती झाली तिची बातमी देशोदेशी गेली. शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, आणि त्या सगळ्यांमध्ये बसलेल्या रमाबाईंचं बहिरेपण मात्र तसंच राहिलं. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले होते, नवरा पटकीनं गेला होता. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगीही गेली. त्यांच्याहून मोठा विश्वास आपल्या मराठी मंडळीत कुणाचा दाखवशील? विश्वास जास्त असेल तर शरीर बरं होतंच, असा जो नियम लोक सांगतात, तो रमाबाईंना लावून बघ. टिकत नाही.

प्रार्थना होत नाही म्हणतेस. गुडघे टेकते आणि डोक्यात काहीच येत नाही, झोप येते. बाळा, केमोनंतर कित्येक महिने असंच असतं. वाचलेलं लक्षात राहत नाही, शब्द आठवत नाहीत, जिना चढला की दम संपतो. हा देवापासून दुरावा नाही, थकवा आहे. एलीया झुडपाखाली पडून मला मरू दे म्हणत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर झालं. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूनं तिच्या आईबापाला काय सांगितलं? तिला काहीतरी खायला द्या. तेव्हा दुपारी झोप. ताईनं केलेली नाचणीची पेज पी. प्रार्थना तोवर आम्ही करतो. त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं, तेव्हा प्रभूनं त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसानं काही म्हटल्याची नोंदसुद्धा नाही. आणि अगदीच राहवलं नाही तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाच. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे.

हाताचं मात्र रोज कर. भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर न्यायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवला आहे, तो दुखतं म्हणून सोडू नकोस. बगलेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हाताला इंजेक्शन, रक्त काढणं, बीपीचा पट्टा नको. नवीन सिस्टर आली तर तू स्वतः सांग. आणि बरं होण्याची घाई करू नकोस. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूनं एकदा हात लावला तेव्हा त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसली. दुसऱ्यांदा हात लावल्यावर नीट दिसायला लागलं. प्रभूच्या हातूनही बरं होणं एकदा दोन टप्प्यांत झालं. तुझे केस आत्ता बोटभर आलेत, पायांच्या बोटांची बधिरता अजून आहे. तू अर्धी बरी झालेली आहेस, आणि तसं म्हणायला लाजू नकोस.

सुगीच्या उपासनेत तुझी साक्ष हवी असं पाळकसाहेब म्हणालेत. मला विचारशील तर या वर्षी नको म्हण. ज्यांना बरं केलं त्यांतल्या कुणाला प्रभूनं घरी जाऊन सांग म्हटलं, तर कुणाला ‘हे कोणालाही सांगू नकोस’ म्हटलं. दोन्ही आज्ञा त्याच्याच. आणि एक आठवण ठेव. तिसऱ्या बाकावर त्या बाई बसतात, ज्यांच्या मुलीला तुझाच आजार होता. त्याच मंडळीनं तिच्यासाठीही उपवास करून प्रार्थना केली होती आणि ती गेली. पुढं कधी उभी राहिलीस तर, माझा विश्वास होता म्हणून मी वाचले, हे वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. त्या बाईंच्या काळजावर ते कसं पडेल याचा विचार कर. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, ताईचे आणि देवाचे आभार मान. तेवढी साक्ष खरी आहे.

आणि आजार परत आला तर, हे तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस. नाही येणार असं मी तुला लिहून देणार नाही. पौलाच्या हातून कितीजण बरे झाले, तरी सोबती त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडून त्याला जावं लागलं. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली, काटा राहिला आणि कृपा पुरेल असं उत्तर मिळालं. मी हे वॉर्डात बघितलं आहे. ज्या वाचल्या नाहीत त्यांच्याजवळही देव होता. मी रात्रपाळीला त्यांच्या उशाशी बसत होते, म्हणून हे ऐकीव लिहीत नाही. आला तर तेव्हाही उपचार असतील, आम्ही असू, आणि ज्यानं तुला इथवर आणलं तो काही तपासणीचा रिपोर्ट बघून निघून जाणारा नाही.

पुढच्या तपासणीला मी येते आहे, ताईला सांग. आदल्या रात्री तुला झोप लागणार नाही, म्हणून मुक्कामालाच येते. फाइल, मागचे सगळे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव. वाफांचं, पायांच्या बधिरतेचं आणि त्या प्रचारकांनी काय सांगितलं त्याचंही कागदावर लिही. डॉक्टरांसमोर गेलं की विसरायला होतं, आणि हे तिन्ही त्यांना कळायला हवं.

तुझी,
मावशी