चौसष्ट योगिनींच्या दारी

जबलपूरला जाणारे प्रवासी भेडाघाटचा धुवाधार धबधबा व नर्मदेकाठचे संगमरवरी कडे पाहतात. आपण तेथेच न थांबता जवळच्या टेकडीच्या पायऱ्या चढू या. वर चौसष्ट योगिनींचे प्राचीन मंदिर आहे.

त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या तेवरच्या, कलचुरी राजांच्या काळात, सुमारे दहाव्या शतकात ते उभे राहिले. त्याची रचना वर्तुळाकार आहे. मध्यभागी मोकळे प्रांगण आणि सभोवती ओवरीत ८१ कोनाडे! नाव चौसष्टांचे असले तरी योगिनींसाठी जागा अधिक आहे. प्रांगणात गौरीशंकराचे देऊळ आहे. राणी अल्हणादेवीने शिवमंदिर बांधल्याचा ११५५ सालचा शिलालेखही भेडाघाटलाच मिळाला.

मूर्तींपुढे उभे राहिले की मन खिन्न होते. कोणाचा हात तुटलेला, तर कोणाचा चेहराच नाहीसा झालेला. मग दृष्टी पीठाकडे वळते. तेथे अनेक योगिनींची नावे कोरलेली आहेत. रूप भंगले, पण नाव उरले. त्या मोजक्या अक्षरांच्या आधारेच अभ्यासक आज या मूर्ती ओळखतात.

जुन्या वास्तूंच्या भिंतींवर आपली नावे खरडणारे पर्यटकही असतात. अक्षरे तीच, परंतु पीठावरची अक्षरे वारसा जपतात, भिंतीवरची तो विद्रूप करतात. आपण कोणती अक्षरे मागे ठेवायची, हे आपणच ठरवायचे असते.

शब्दार्थ
ओवरी – देवळाभोवतीची पडवी
पीठ – मूर्तीची बैठक

पाठगत प्रश्न
१. भग्न मूर्तींची ओळख कशामुळे पटते?
२. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी पाच वाक्ये लिहा.