पुनः आपल्या पायांवर



आमच्या वडिलांस पक्षाघात झाला. रुग्णालयांत त्यांचा जीव वांचला. ते घरीं आले त्या दिवशीं आम्हां सर्वांस किती आनंद झाला म्हणून सांगावें! त्यानंतर आम्हीं त्यांस खाटेवरून उठूं दिलें नाहीं. पाणी तोंडाशीं धरलें, घांस भरविले, सदऱ्याचीं बटणेंहि आम्हींच लाविलीं. हें सर्व प्रेमानें चाललें होतें. पण दोन महिन्यांनीं पाहावें तों त्यांचा चांगला पायहि वाळूं लागलेला! आमची चूक काय झाली, हें पुढें कळलें. तीच तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगावी, म्हणून हा लेख.

जीव वांचणें व स्वावलंबी होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली औषधानें व शस्त्रक्रियेनें साधते. दुसरी शिकावी लागते. निरोगी मनुष्यहि कांहीं आठवडे अंथरुणांत पडून राहिला, तर त्याचे स्नायू झडतात. रोग्याचे तर सांधे आखडतात, आणि एकाच जागीं दाब पडून कातडीस व्रण होतात. म्हणून मोठ्या दुखण्यानंतर अनेक रोग्यांस लगेच घरीं न पाठवितां कांहीं दिवस पुनर्वसन-विभागांत ठेवितात.

हें शास्त्र फार जुनें नाहीं. पूर्वीं पाठीचा कणा मोडलेले शिपाई बहुधा शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं मरत. जर्मनीतील छळामुळें इंग्लंडांत आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनीं १९४४ सालीं स्टोक मँडेव्हिल येथें अशा रोग्यांचा विभाग सुरू केला. त्यांनीं दिवसरात्र दर दोन तासांनीं रोग्यांची कूस पालटविली, आणि त्यांस काम व खेळ दिले. १९४८ च्या जुलैंत तेथें १६ जणांनीं चाकांच्या खुर्चीवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचें बीज तें हेंच.

त्या वृक्षाचें एक फळ महाराष्ट्राच्या पदरांत पडलें. सांगली जिल्ह्यांत जन्मलेले श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालील अंग निकामी झालें. मुंबईच्या नौदल-रुग्णालयांत उपचार म्हणून त्यांस पोहावयास लाविलें. त्याच पोहण्यानें त्यांस १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटरांच्या शर्यतींत, ३७.३३ सेकंदांच्या विक्रमासह, सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ सालीं ते पद्मश्री झाले. पाय परत आले नाहींत, स्वातंत्र्य मात्र परत आलें. हा भेद नीट ध्यानांत घ्या.

पक्षाघाताच्या रोग्यास तेथें काय शिकवितात? प्रथम त्यास नीट गिळतां येतें कीं नाहीं हें पाहतात; कारण अन्न श्वासनलिकेंत गेल्यास न्यूमोनियाचें भय असतें. मग कुशीवर वळणें, खाटेच्या कांठावर बसणें, उभें राहणें, दोन दांड्यांमधून पावलें टाकणें, आणि शेवटीं जिना. भाकरी मोडणें, तांब्या उचलणें ह्यांचेहि पाठ असतात. एकच हालचाल शेंकडों वेळां केली असतां मेंदूचा शाबूत भाग गेलेल्या भागाचें काम थोडेंथोडें उचलूं लागतो. पाढे पाठ होतात ते असेच! सर्वांस सर्व कांहीं परत मिळतेंच असें नाहीं. उणें राहील तेथें काठी, वॉकर वा चाकांची खुर्ची घ्यावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत लोणी व विळद घाट येथें फिजिओथेरपीचीं महाविद्यालयें आहेत. रोग्यास घरीं आणण्यापूर्वीं 'आतां पुढचा व्यायाम कोणता, आणि तो कोठें करावयाचा?' हा प्रश्न पालकांनीं डॉक्टरांस अवश्य विचारावा. व्यायाम ठरविणें हें त्यांचें काम; घर तयार करणें हें आपलें. उंबऱ्यापाशीं उतार असावा, न्हाणीघरांत धरावयास दांडा असावा, फरशी कोरडी असावी, आणि उकिडवें बसतां येत नसेल तर शौचास उंच बैठक असावी.

आम्ही वडिलांस घेऊन अखेर फिजिओथेरपिस्टांकडे गेलों. सर्व हकीकत ऐकून त्यांनीं विचारलें, "मास्तर, वर्गांत मुलांचीं गणितें तुम्हीच सोडवून देतां काय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या दिवसापासून आम्ही हात मागें बांधून उभे राहूं लागलों. तांब्या थरथरे, अर्धें पाणी सांडे, आणि आमचा जीव कासावीस होई. पण तीन आठवड्यांनीं एका सकाळीं वडिलांनीं तांब्या स्वतः उचलून पाणी प्यालें, आणि दुसऱ्या पेल्यांत ओतून तो आमच्यापुढें केला. त्या पाण्याची गोडी आम्हांस अजून आठवते.

मुलांनो, तुमच्या घरीं आजोबा किंवा आजी दुखण्यांतून उठत असतील, तर त्यांच्याजवळ राहा, पडूं देऊं नका, धीर द्या. परंतु जें त्यांस स्वतः करतां येईल, तें त्यांच्या हातून हिरावून घेऊं नका.