सिंहासने कोसळली, तेव्हा धान्य कोणी मोजले?

(अभ्यासलेख : ३ सप्टेंबर, महान संत ग्रेगरी ह्यांच्या सणानिमित्त)



घरातील कुणी देवाघरी गेले की त्यांच्या आत्म्यासाठी सलग तीस दिवस ‘ग्रेगोरियन मिस्सा’ अर्पण करण्याची प्रथा आपल्याला माहीत आहे. ज्यांच्या नावाने ह्या मिस्सा ओळखल्या जातात, ते पोप पहिले ग्रेगरी इ. स. ५९० ते ६०४ ह्या काळात रोमचे बिशप होते. त्यांचे नाव आपल्या तोंडी आहे, पण ते कोणत्या काळात जगले आणि त्यांनी काय सोसले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तो काळ समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळत नाही. म्हणून आज आधी थोडा इतिहास पाहू.

सम्राट गेला, राजे आले

प्रभू येशूच्या जन्माच्या वेळी सगळीकडे रोमचे राज्य होते. पुढे त्या साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. पश्चिमेचा भाग पाचव्या शतकात खिळखिळा झाला. इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथ टोळ्यांनी रोम लुटले, ४५५ मध्ये व्हँडल लोकांनी पुन्हा लुटले. अखेर ४७६ मध्ये ओडोअ‍ॅकर नावाच्या सेनापतीने रोम्युलस ऑगस्ट्युलस ह्या कोवळ्या वयाच्या सम्राटाला पदावरून दूर केले. पश्चिमेत पुन्हा कुणाला सम्राट नेमायची गरजही ओडोअ‍ॅकरला वाटली नाही. तो स्वतःच इटलीचा राजा झाला.

त्याचेही राज्य टिकले नाही. पूर्वेच्या सम्राटाच्या संमतीने ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक ४८९ मध्ये इटलीत उतरला. रॅव्हेना शहराला त्याने दीर्घकाळ वेढा घातला. शेवटी तिथल्या बिशपांनी मध्यस्थी केली आणि दोघांनी मिळून राज्य करावे असा तह झाला. पुढे थोड्याच दिवसांत, मार्च ४९३ मध्ये, थिओडोरिकने ओडोअ‍ॅकरला मेजवानीला बोलावले आणि तिथेच स्वतःच्या तलवारीने ठार केले. बिशपांसमक्ष दिलेला शब्द असा मोडला गेला.

तरीही थिओडोरिकने तेहतीस वर्षे बऱ्यापैकी शांततेत राज्य केले, हे मान्य करायला हवे. तो एरियन पंथाचा होता. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, अशी त्या पंथाची शिकवण. (रविवारच्या विश्वासांगीकारात आपण येशू ‘पित्याशी एकरूप’ असल्याचे म्हणतो, ते ह्याच चुकीच्या शिकवणीला उत्तर म्हणून.) पण त्याने कॅथलिक प्रजेला त्रास दिला नाही. श्रद्धा सक्तीने लादता येत नाही, असे त्याचे धोरण होते. मात्र म्हातारपणी त्याला संशयाने पछाडले. आपले दरबारी पूर्वेच्या सम्राटाशी संधान बांधून आहेत असे त्याला वाटू लागले. बोएथियस हा त्या काळचा थोर विद्वान आणि राज्याचा मोठा अधिकारी. त्याला कैदेत टाकून ५२४ च्या सुमारास देहान्ताची शिक्षा दिली गेली. पोप पहिले जॉन ह्यांना राजाने बळेच कॉन्स्टँटिनोपलला वकिलीसाठी पाठवले. परत आल्यावर त्यांनाही कैद केले. ५२६ च्या मे महिन्यात ते कैदेतच मरण पावले. त्याच वर्षी थिओडोरिकही गेला.

‘मुक्ती’ देणारे युद्ध

थिओडोरिकच्या मागे त्याची मुलगी अमलासुंथा हिने आपल्या लहान मुलाच्या नावाने कारभार पाहिला. मुलगा वारला. तिने थिओडाहाड नावाच्या भाऊबंदाला सोबत घेतले, तर ५३५ मध्ये त्यानेच तिचा घात केला. पूर्वेचा सम्राट जस्टिनियन ह्याला हेच निमित्त पुरले. इटलीला परकीयांच्या हातून सोडवायचे म्हणून त्याने सेनापती बेलिसॅरियसला पाठवले.

ते युद्ध जवळजवळ वीस वर्षे चालले. ५३७ मध्ये गॉथांनी रोमला वेढा घालून शहराला पाणी आणणाऱ्या जलवाहिन्या तोडल्या. त्याच वर्षी पोप सिल्व्हेरियस शत्रूला फितूर आहेत असा आळ घेऊन बेलिसॅरियसने त्यांना पदच्युत केले. ते हद्दपारीत मरण पावले. एका पोपचा जीव एरियन राजाच्या कैदेत गेला होता आणि दुसऱ्याचा कॅथलिक सम्राटाच्या सेनापतीमुळे! ५४६ मध्ये गॉथांचा राजा टोटिला ह्याने रोम उपाशी मारून जिंकले. लोक भिंतींच्या कडेला उगवणारी खाजकुइलीसारखी रानटी पाने उकडून खात होते. काही काळ शहर जवळजवळ ओस पडले. त्यातच प्लेगची साथ.

५५४ पर्यंत सम्राट जिंकला. पण जिंकलेली इटली उद्ध्वस्त होती. आणि चौदाच वर्षांनी, ५६८ मध्ये, आल्प्स पर्वत ओलांडून लोंबार्ड टोळ्या आल्या. त्यांचा राजा अल्बोइन ५७२ मध्ये कटात मारला गेला, पुढचा राजा क्लेफ ५७४ मध्ये. त्यानंतर दहा वर्षे त्यांना राजाच नव्हता. ज्या सरदाराच्या हाती जे शहर लागले, ते त्याचे राज्य.

बंधुभगिनींनो, ह्या शंभर वर्षांत ओडोअ‍ॅकर, गॉथ, सम्राट आणि लोंबार्ड अशा चार सत्ता आल्या. प्रत्येकाने आम्ही सुव्यवस्था आणतो असेच सांगितले. शेत नांगरणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक वेळी कर भरावा लागला आणि सैन्य येताच पळावे लागले.

नको असलेले पद

ग्रेगरींचा जन्म ५४० च्या सुमारास ह्या युद्धाच्या ऐन धामधुमीत रोममध्ये झाला. घराणे श्रीमंत आणि धार्मिक होते. त्यांच्या मातोश्री सिल्व्हिया ह्यांनाही ख्रिस्तसभा संत मानते. तरुण वयातच ग्रेगरी रोमचे प्रीफेक्ट, म्हणजे शहराचे सर्वोच्च मुलकी अधिकारी झाले. नंतर त्यांनी ते पद सोडले, सीलियन टेकडीवरील वडिलोपार्जित घराचा संत अंद्रिया ह्यांच्या नावाने मठ केला आणि स्वतः तिथे साधे व्रतस्थ म्हणून राहू लागले. आयुष्यातील तेच दिवस सर्वांत सुखाचे होते, असे ते पुढे नेहमी म्हणत.

५८९ मध्ये टायबर नदीला महापूर आला आणि ख्रिस्तसभेची धान्याची कोठारे वाहून गेली. पाठोपाठ प्लेग आला. ५९० च्या सुरुवातीस पोप दुसरे पेलाजियस प्लेगनेच वारले. लोकांनी ग्रेगरींची निवड केली. त्यांनी टाळण्याचा प्रयत्न केला, पण ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा दीक्षाविधी झाला. आपण ह्याच दिवशी त्यांचा सण पाळतो. तेव्हा रोममध्ये सम्राटाचा सेनापती होता, पण सैनिकांना पगार मिळत नव्हता. गावोगावचे निर्वासित शहरात येऊन पडले होते. त्यांना जेवू कोण घालणार?

धान्याचे माप

रोमच्या ख्रिस्तसभेला भाविकांनी वेळोवेळी दान केलेल्या जमिनी होत्या. सर्वांत मोठ्या सिसिली बेटावर होत्या. तिथले धान्य जहाजाने रोमला येई आणि गरिबांत वाटले जाई. कुणाला किती द्यायचे ह्याची नोंदवही ठेवली जाई. ग्रेगरींची साडेआठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील ५९१ सालचे एक पत्र प्रत्येक ख्रिस्ती माणसाने समजून घेण्यासारखे आहे. ते सिसिलीच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या पीटर ह्या उपडीकनला लिहिलेले आहे.

रोमला भूक होती. जास्त धान्य उकळायला ह्याहून चांगले कारण कोणते? पण ग्रेगरींच्या कानावर आले की ख्रिस्तसभेचीच माणसे कुळांकडून धान्य घेताना मोठे माप वापरतात. आपल्याकडे पायली असे, तसे रोमन लोकांचे माप मोदियस. एका मोदियसमध्ये १६ सेक्स्टॅरियस मावत. ग्रेगरींनी ताकीद दिली की १८ सेक्स्टॅरियसपेक्षा मोठ्या मापाने कुणाकडूनही धान्य घ्यायचे नाही. पीक भरपूर आले म्हणून कुळांना भाव पाडून द्यायचा नाही, बाजारभाव द्यायचा. कुळांच्या घरी लग्न असेल तर त्यावरची पट्टी एका सोन्याच्या नाण्यापेक्षा जास्त घ्यायची नाही, आणि गरिबाकडून त्याहूनही कमी. पीक विकले जाण्याआधीच कराचा पहिला हप्ता भरावा लागतो, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात जातात हेही त्यांना कळले होते. त्यांनी सांगितले की ती रक्कम ख्रिस्तसभेच्या तिजोरीतून उसनी द्या आणि हळूहळू परत घ्या.

ह्या पत्रातील शेवटची सूचना तर फारच महत्त्वाची आहे. हे पत्र सर्व जमिनींवर कुळांना वाचून दाखवा, त्याच्या खऱ्या प्रती त्यांना द्या, म्हणजे कुणी जुलूम केलाच तर त्याला उत्तर कसे द्यायचे हे त्यांना कळेल! आपल्याच माणसांविरुद्ध दाद मागण्याचे साधन त्यांनी गरीब कुळांच्या हाती दिले.

ह्याच पीटरला त्यांनी एकदा थट्टेने लिहिले होते की, तू एक वाईट घोडा आणि पाच चांगली गाढवे पाठवलीस. घोडा वाईट म्हणून बसता येत नाही, आणि गाढवे चांगली असली तरी गाढवेच म्हणून बसता येत नाही! सतत आजारी असलेल्या ह्या माणसाने विनोद मात्र सोडला नव्हता.

राजा आणि सम्राट ह्यांच्यामध्ये

५९३ मध्ये लोंबार्डांचा राजा अगिलुल्फ रोमवर चालून आला. गळ्यात दोर बांधलेले रोमन लोक गुलाम म्हणून विकायला नेले जात असल्याचे ग्रेगरींनी पाहिले. यहेज्केलच्या ग्रंथावरील त्यांची प्रवचने अर्ध्यावर थांबली. त्यांनी राजाशी बोलणी केली, खंडणी दिली आणि शहर वाचवले. सम्राट मॉरिसला हे आवडले नाही. त्याने ग्रेगरींना भोळसट ठरवले. ग्रेगरींनी आदराने पण स्पष्ट उत्तर दिले. पुढे ५९८ मध्ये तह झाला. त्यात लोंबार्डांची कॅथलिक राणी थिओडेलिंडा हिचा मोठा वाटा होता. तिच्या मुलाचा स्नानसंस्कार ६०३ मध्ये कॅथलिक विधीने झाला. जे तलवारीने साधले नव्हते, ते एका आईच्या श्रद्धेने आणि एका बिशपांच्या चिकाटीने साधले.

५९८ मध्येच पालेर्मो येथे बिशपांनी यहुदी लोकांची सभास्थाने बळकावल्याची तक्रार आली. ग्रेगरींनी चौकशी करून यहुद्यांना भरपाई द्यायला लावली. आपल्या बाजूच्या माणसाची चूक त्यांनी झाकली नाही.

संतांचीही चूक

मात्र त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट सलते. ६०२ मध्ये फोकास नावाच्या सैनिकाने बंड करून सम्राट मॉरिसला आणि त्याच्या मुलांना ठार केले. मुलांना तर बापाच्या डोळ्यांदेखत मारले. ह्या फोकासला ग्रेगरींनी अभिनंदनाचे, स्तुतीचे पत्र पाठवले. रोमचे भले व्हावे हाच हेतू असेल, पण त्या पत्राचे समर्थन करता येत नाही. हे आपण लपवू नये. सत्तेच्या जवळ गेलेल्या भल्या माणसाचीही जीभ कशी घसरते, हे त्यातून शिकावे.

१२ मार्च ६०४ रोजी ग्रेगरी प्रभूच्या घरी गेले. स्वतःसाठी त्यांनी ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ ही उपाधी वापरली. आजही पोप ती वापरतात.

आपल्यासाठी

मार्कच्या शुभवर्तमानात (१०:३५-४५) याकोब आणि योहान प्रभूकडे मानाच्या जागा मागतात. राज्यकर्ते कसे अधिकार गाजवतात ते दाखवून प्रभू त्यांना सांगतो की तुमच्यात तसे नसावे. थिओडोरिक, जस्टिनियन, अल्बोइन ह्यांची राज्ये गेली. कुळांच्या धान्याचे माप मात्र आजही आपल्याला विचारते आहे. आपल्या हाती राज्य नाही, पण प्रत्येकाच्या हाती कुठले तरी माप आहे. कुणी मजुरांची मजुरी मोजतो, कुणी दुकानात वजन करतो, कुणाकडे संस्थेचा हिशेब आहे, कुणाकडे घराच्या वाटणीचा निर्णय आहे.

कुटुंबात किंवा प्रार्थनागटात मार्क १०:३५-४५ वाचून पुढील प्रश्नांवर चर्चा करावी :

१. माझ्या हाती कोणते ‘माप’ आहे? घेताना एक आणि देताना दुसरे, असे मी करतो का?

२. ‘चांगल्या कामासाठीच तर आहे’ असे म्हणून आपण कुणाकडून जास्त वसूल करतो का?

३. माझ्या हाताखालच्या माणसाला माझी चूक दाखवण्याची वाट मी मोकळी ठेवली आहे का?

४. सत्ताधाऱ्याची खोटी स्तुती करण्याचा मोह मला कधी झाला?

प्रार्थना : हे प्रभो, महान संत ग्रेगरी ह्यांच्या हाती तू भुकेल्यांचे अन्न सोपवलेस. जे आमच्या हाती दिले आहेस, ते आम्ही खऱ्या मापाने वाटावे म्हणून आम्हाला कृपा दे. आमेन.