ट्यूबची मागची बाजू



मुरुम चेहऱ्यावर दिसतो तेव्हा तो नवा नसतो. कित्येक आठवडे आधीच तो त्वचेच्या आत धरलेला असतो. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ती मोठी होते आणि तेल जास्त सुटू लागते. त्याच सुमारास रोमछिद्राच्या आतल्या मृत पेशी झडून बाहेर पडायच्या त्या एकमेकींना चिकटतात आणि बूच बसते. छिद्राचे तोंड उघडे राहिले तर ब्लॅकहेड, बंद झाले तर पांढरट पुटकुळी. बुचाखाली साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढतो, दाह होतो आणि मग लाल, दुखरा फोड वर येतो. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेचेच रंगद्रव्य आणि हवेने काळवंडलेले तेल यांचा तो रंग असल्यामुळे तो घासून जात नाही, उलट घासल्याने आजूबाजूची कातडी चिडते.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. आज लावलेले जेल आज दिसणाऱ्या फोडापेक्षा पुढे येऊ घातलेल्या फोडांसाठी असते, म्हणून आठ ते बारा आठवडे लावल्याशिवाय त्याच्याबद्दल बरेवाईट बोलता येत नाही. बहुतेकांचा धीर तिसऱ्या आठवड्यात सुटतो. दुसरी ट्यूब येते, मग तिसरी, आणि कशाने गुण आला, कशाने बिघडले, याचा पत्ताच लागत नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी आणि तीही आधी जबड्याच्या कडेला चार-पाच दिवस लावून पाहावी.

काही नवे आणण्याआधी काय बंद करायचे ते पाहावे. त्यात पहिला नंबर डोक्याच्या तेलाचा. रात्री खोबरेल चोपून झोपण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ते तेल उशीच्या अभ्र्यात मुरते आणि तिथून कपाळाला, गालाला लागते. खोबरेल रोमछिद्रे बुजवणाऱ्या तेलांपैकी आहे. केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची रांग उठली असेल तर संशय आधी तेलावर घ्यावा. प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी १९७० मध्ये अमेरिकेत केसांना लावायच्या पोमेडमुळे कपाळावर येणारे असेच मुरुम नोंदवले होते. तेल सोडायची गरज नाही. न्हाण्याआधी तासभर लावून शांपूने धुऊन टाकावे आणि अभ्रा वरचेवर बदलावा. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा हे उपाय मात्र कायमचे बंद करावेत. त्यांनी फोड जात नाही, कातडी भाजते आणि मागे डाग राहतो. दिवाळीच्या उटण्याने काही बिघडत नाही. पण पिकलेल्या फोडांवर रोज डाळीचे पीठ किंवा अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब चोळणे हा निव्वळ आडदांडपणा आहे.

धुण्याचे काम साधे ठेवावे. अंगाच्या साबणाचा सामू बहुधा ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून चेहऱ्याला सौम्य, बिनवासाचा फेसवॉश किंवा साबणविरहित वडी बरी. सकाळ-संध्याकाळ दोनदा आणि घाम गाळून आल्यावर एकदा, एवढे पुरे. धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटली तर तो फेसवॉश कडक आहे, मग जाहिरात काहीही म्हणो.

खरी निवड औषधी घटकाची असते. घटक मोजकेच आहेत, दुकानातले डबे शेकडो असले तरी. सॅलिसिलिक ॲसिड अर्ध्यापासून दोन टक्क्यांपर्यंत मिळते. ते तेलात विरघळते, त्यामुळे रोमछिद्रात शिरून बूच सैल करते. ब्लॅकहेड आणि पांढऱ्या पुटकुळ्यांना ते चालते. लाल, पिकणाऱ्या फोडांना बेंझॉइल पेरॉक्साइड अधिक लागू पडते, कारण ते जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्के आणि दहा टक्के यांच्या गुणात फारसा फरक पडत नाही, जळजळीत मात्र पडतो. म्हणून सुरुवात अडीच टक्क्यांपासून करावी. त्याची एक खोड दुकानदार सहसा सांगत नाही: ते कपड्यांचा रंग उडवते. निळा टॉवेल, अभ्रा, ओढणीचा काठ यांवर नारिंगी-पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. हे जेल लावणाऱ्याने पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरावा.

बूच मुळात बसूच न देणारे औषध म्हणजे ॲडापॅलीन. अमेरिकेत त्याचे ०.१ टक्का जेल २०१६ पासून चिठ्ठीविना मिळते. इथे ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, आधी एक दिवसाआड लावतात. पहिल्या काही आठवड्यांत कातडी सुटते, कधी फोडही वाढल्यासारखे वाटतात, आणि नेमक्या तिथेच लोक ते टाकून देतात. गरोदरपणात ते लावू नये. फोडामागे राहणारे तपकिरी डाग ही ज्यांची मोठी तक्रार, आणि सावळ्या-गव्हाळ वर्णात ती बहुतेकांची असते, त्यांना ॲझेलाइक ॲसिड उपयोगी पडते. मुरुम आणि डाग दोन्हींवर ते काम करते. नायसिनामाइड चार-पाच टक्के असले की तेलकटपणा आणि लाली थोडी उतरते. त्याहून मोठी आशा त्याच्याकडून धरू नये. यांतले काहीही वाटाण्याएवढे घेऊन मुरुम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरावे, एकेका फोडावर टिकली लावल्यासारखे नव्हे. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविकाचे जेल नुसते, महिनोन्‌महिने लावू नये. जंतू त्याला दाद देईनासे होतात.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न नेहमीचा. वरची सगळी औषधे कातडी कोरडी करतात आणि कोरडी, चिडलेली कातडी औषध सोसत नाही, हे त्याचे उत्तर. ग्लिसरीन, सिरामाइड किंवा डायमेथिकोन असलेले हलके जेल-क्रीम घ्यावे. कोको बटर आणि खोबरेल असलेले टाळावे. सनस्क्रीन ३० एसपीएफचे, जेल स्वरूपातले घ्यावे. उन्हाने फोडांचे डाग गडद होतात, त्यामुळे ही ट्यूब वगळली तर डागांवरचा बाकीचा खर्च बराचसा वाया जातो.

हे सगळे ट्यूबच्या मागच्या बाजूला वाचायचे असते. पुढच्या बाजूचे ‘नॉन-कोमेडोजेनिक’ हे शब्द चांगले, पण त्यांना कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. पूर्वी अशा चाचण्या सशाच्या कानावर होत आणि सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार हळवा असतो. त्या शब्दांना शिफारस समजावे, हमी नव्हे. ‘हर्बल’ आणि ‘केमिकल-फ्री’ यांना तेवढाही अर्थ नाही. घटकांच्या यादीत जास्त प्रमाणाचे पदार्थ आधी येतात, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने. जाहिरात ज्याची, तो घटक सुगंधी द्रव्यांच्याही मागे पडला असेल तर किंमत कशाची लावली आहे ते उघड होते. महाग ट्यूबमधले बेंझॉइल पेरॉक्साइड स्वस्त ट्यूबमधल्यापेक्षा वेगळे नसते.

सर्वांत जास्त सावधपणा गोरे करणाऱ्या आणि ‘चार दिवसांत चेहरा साफ’ करणाऱ्या क्रीमबाबत हवा. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असते: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. पहिल्या आठवड्यात लाली उतरते, चेहरा उजळतो, मैत्रिणी नाव विचारतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते आणि क्रीम थांबवले की मुरुम दुपटीने उसळतात. म्हणून ते पुन्हा लावले जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्याचा सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरुम हाच होता. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी काउंटरवरून ती मिळतातच. वरील चार नावांपैकी एकही यादीत असेल, किंवा डबीवर यादीच नसेल, तर ती डबी दुकानातच ठेवावी. महिनोन्‌महिने लावत आलेले असे क्रीम मात्र एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे.

काही चेहरे दुकानाच्या आवाक्याबाहेरचे असतात. खोल, दुखऱ्या गाठी आणि खड्डे पडू लागणे; जबड्यावर मुरुम, पाळी अनियमित आणि ओठांवर लव असे तिन्ही एकत्र येणे; तीन महिने नीट औषध लावूनही फरक न पडणे. खाज सुटणाऱ्या, एकाच मापाच्या बारीक पुटकुळ्या कपाळावर आणि पाठीवर आल्या तर त्या मुरुम नसून मलासेझिया बुरशीच्याही असू शकतात. मुंबई-कोकणच्या घामट हवेत हे होते आणि मुरुमांच्या जेलने ते जात नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लागतील की नाही हेही तेच ठरवतात. त्या गर्भाला घातक असल्याने दुसऱ्याच्या पाकिटातून उसन्या घेऊ नयेत. जाताना चेहऱ्याला आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात, अर्धवट संपलेल्या आणि पार्लरमधून आणलेल्या बिननावाच्या डब्यांसकट.

— मावशी