कुडा लेणी : दगडावरील नावे आणि आपला धडा

डोंगराच्या कड्यावरील बौद्ध मंदिर म्हटले की आज अनेकांच्या डोळ्यांसमोर जपान उभा राहतो. तेथील यामागाता प्रांतातील रिश्शाकुजी हे मंदिर 'यामादेरा', म्हणजे 'डोंगरावरचे मंदिर', याच नावाने लोकांना ठाऊक आहे. इ. स. ८६० मध्ये भिक्षू एन्निन यांनी त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. पायथ्यापासून वरपर्यंत हजाराहून अधिक दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी या मूळ विहारातून आणलेली ज्योत तेथे तेवत ठेवलेली आहे. १५७१ मध्ये ओदा नोबुनागाने एन्र्याकुजी जाळले. पुढे ते पुन्हा उभे राहिले, तेव्हा यामादेराचीच ज्योत तेथे परत नेण्यात आली, असे सांगितले जाते.

ही हकीकत आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जपान पाहण्याची ओढ स्पष्ट दिसते. ती ओढ चांगलीच आहे. परंतु त्याच वेळी आम्ही त्यांना हेही सांगतो की, यामादेराची पहिली पायरी घडण्यापूर्वी किमान सहा-सात शतके आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर डोंगर कोरून विहार उभे राहिले होते. तेथील ज्योत कधीच विझली. मात्र ती लावणाऱ्यांची नावे आजही दगडावर आहेत. ती नावे वाचावयास शिकणे हा आमच्या शाळेच्या अभ्यासक्रमाचा, पुस्तकात न छापलेला, एक धडा आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो धडा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडीत आहोत.

स्थान आणि काळ

मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून तळा गावाकडे वळले आणि पुढे मांदाडच्या दिशेने गेले की कुडा हे छोटे गाव लागते. गावामागील डोंगराच्या कुशीत सव्वीस लेणी आहेत. लेण्यांसमोर उभे राहिले की खाली खाडी दिसते. हेच पाणी पुढे राजपुरीच्या खाडीतून जंजिऱ्यापाशी समुद्राला मिळते.

येथे लेणी का कोरली गेली, या प्रश्नाचे उत्तर या पाण्यात आणि आपल्या पावसात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे क्रमाने दिली आहेत. त्यांत कल्याण आहे, चौल आहे आणि त्यांच्यानंतर 'मंदगोर' आहे. हे मंदगोर म्हणजे आपले मांदाड असावे, असे काही अभ्यासक मानतात. खाडीच्या मुखाशी माल उतरावा, बैलांच्या पाठीवर तो घाट चढून देशावर जावा, अशी ही वाट होती. त्याच वाटेने व्यापारी गेले आणि भिक्षूही गेले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहून वर्षावास करावा, असा विनयाचा नियम आहे. कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला कातळात कोरलेल्या कोरड्या निवाऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ही लेणी साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळातील मानली जातात. त्यांतील बहुतेक म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या असून त्यांत दगडाचेच ओटे आहेत. काही लेण्यांत सपाट छताखाली स्तूप आहे. सहाव्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे. त्याच्या दर्शनी भागी हत्ती कोरलेले असून आत स्त्री-पुरुषांच्या जोड्यांची शिल्पे आहेत. बुद्धमूर्ती मात्र तेथे पुष्कळ नंतर, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेल्या.

दानलेख काय सांगतात

कुड्याचे खरे वैभव शिल्पांपेक्षा लेखांत आहे. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत येथे वीसहून अधिक लेख कोरलेले आहेत. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, त्यांत कुड्याचेही लेख आहेत. या लेखांत राजांच्या विजयांचे वर्णन नाही. कोणी, कोणासह, काय दिले, एवढेच त्यांत आहे.

त्या काळी या भागावर मांदवांचे महाभोज सत्ता चालवीत. महाभोज मांदव खंदपालित याची ओळख लेखात 'महाभोजी सडगेरी विजया हिचा पुत्र' अशी, आईच्या नावाने दिली आहे. त्याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे लिहिणावळीचे काम करणारा, होता. त्याने एक लेणे दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने सहावे लेणे दिले. त्या लेण्यातील शिल्पकाम शिवमची पत्नी विजया आणि मुलगे यांच्या नावे, तर खांब मुलींच्या नावे आहेत, आणि चारही मुलींची नावे लेखात स्वतंत्रपणे कोरलेली आहेत.

वैद्य सोमदेव याने एक लेणे दिले. त्याच्याही लेखात मुलांबरोबर मुलींची नावे आहेत. कऱ्हाकडचा, म्हणजे आजच्या कराडचा, लोखंडाचा व्यापारी महिक हा घाट उतरून येथे आला आणि त्याने लेणे दिले. एका माळ्याचे दान येथे आहे, सार्थवाहांचे आहे, श्रेष्ठींचे आहे. भयिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीने, अयितिलु या ब्राह्मण उपासकाच्या पत्नीने, चैत्यगृह दिले. पदुमनिका या प्रव्रजित स्त्रीने लेणे आणि पाण्याची पोढी दिली. तिच्या लेखात तिची आई, प्रव्रजित नागनिका, आहे, दोन स्थविर मामा आहेत, आणि बोधी व असाळ्हमिता या दोन शिष्याही आहेत.

येथे विद्यार्थ्यांना आम्ही एक सावधगिरीही शिकवितो. दगडावर माळ्याचे आणि स्त्रियांचे नाव आहे, म्हणून त्या काळचा सारा समाज समतेचा होता, असे विधान करता येणार नाही. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काहीच नव्हते, ज्यांनी छिन्नी चालविली, त्यांची नावे या लेखांत नाहीत. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, संघाला दान देण्याच्या त्या जागी महाभोजांचा लेखक, वैद्य, माळी, ब्राह्मण स्त्री आणि भिक्षुणी यांची नावे एकाच डोंगरावर, एकाच लिपीत आणि एकाच 'देयधम्म' या शब्दाने कोरली गेली. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच म्हणावे, कमीही नको आणि अधिकही नको, ही शिस्त धम्माच्या अभ्यासकाला विशेष शोभते.

शब्दांचा वारसा

मराठी शिकविणाऱ्यांनी तर हे लेख अवश्य पाहावेत. आपण ज्याला 'लेणे' म्हणतो, तो शब्द या लेखांत 'लेण' असाच आहे. विनयपिटकात भगवान बुद्धांनी भिक्षूंना राहण्यासाठी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिल्याचा उल्लेख आहे, तेथेही शब्द 'लेण' हाच असून गुहा हा त्यांपैकी एक प्रकार आहे. 'चेतियघर' या शब्दातील 'घर' आपण रोज उच्चारतो. 'सेठि' म्हणजे आपले शेट. पदुमनिकेच्या लेखातील 'भागिनेयी' म्हणजे आपली भाची. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांतील लेखात खोलीला 'ओवरक' म्हटले आहे, तीच आपली ओवरी. ज्या मुलांना आपली बोली अशुद्ध आहे असे ऐकून घ्यावे लागते, त्यांना हे शब्द दोन हजार वर्षांच्या दगडावर दाखविले की त्यांचा आवाज बदलतो, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

पोढी आणि तळे

गांधारपाल्याचा तो लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. कुमार काणभोअ वेण्हुपालित याने तेथे लेणे, चैत्यगृह व आठ ओवऱ्या दिल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी दिल्या. पश्चिम किनाऱ्यावरील लेण्यांत पाणी देणे हे निवारा देण्याइतकेच मोठे दान समजले जाई. डोंगरावर येणारा कोणीही तहानलेला परत जाऊ नये, ही त्यामागील भावना.

त्या लेण्यांच्या पायथ्याशी महाड शहर आहे. त्याच महाडात विसाव्या शतकात माणसांना तळ्याचे पाणी नाकारले जात होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय येण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. वर डोंगरात पाणी देणाऱ्याचे नाव कोरलेले आणि खाली गावात पाणी पिणाऱ्याला बंदी, हे दोन्ही एकाच गावाच्या इतिहासात आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत, असा आमचा आग्रह असतो. कोणाविषयी कटुता धरावी म्हणून तो आग्रह नाही. पाणी अडविणे ही या भूमीची एकमेव रीत नव्हती, पाणी देण्याचीही एक रीत येथे होती, हे त्यांना कळावे एवढ्यासाठी आहे.

वर्गातील पाठ

कुड्याहून परतल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देतो. आपल्या घराचा दानलेख लिहावा. घरासाठी कोणी काय दिले, ते त्या जुन्या पद्धतीने, नाव आणि नाते यांसह, पाच ओळींत मांडावे. स्वाध्याय सोपा वाटतो, पण दुसऱ्या ओळीपाशी बहुतेकांची लेखणी थांबते. आजीने दुसऱ्याच्या शेतात लावणी करून वडिलांना शिकविले, हे ठाऊक असते. आजीचे नाव मात्र ठाऊक नसते. ती 'आजी' असते, फार तर कोणाची तरी आई असते. पणजीचे नाव विचारले तर वर्ग शांत होतो.

मग सुट्टीत मुले घरी जातात आणि विचारतात. परत येतात तेव्हा वहीत नावे असतात. कोणाच्या घरी ते नाव सांगताना आजोबांना बराच वेळ आठवावे लागलेले असते. ज्या कुटुंबांची नावे सातबाऱ्यावर नव्हती, शाळेच्या पटावर नव्हती, त्या कुटुंबांतील नावे अशा रीतीने प्रथमच कागदावर उतरतात. शिवमच्या चार मुलींची नावे दोन हजार वर्षे टिकली, याचे कारण कोणीतरी ती लिहिण्याजोगी मानली. आपल्या पणजीचे नाव दोन पिढ्यांत हरवले, याचेही कारण तेच, फक्त उलट बाजूने.

लेण्यांना जाताना

जे वाचक या ठिकाणी जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी काही सूचना. पावसाळा संपल्यानंतरचे महिने उत्तम. सकाळी लवकर पोहोचावे, कारण तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडा उठून दिसतात, माथ्यावरच्या उन्हात त्याच पुसट होतात. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. लेखांवर हात फिरवू नये, खडू किंवा चुना भरू नये, छायाचित्रासाठी पाणी शिंपडू नये. श्रद्धेपोटी आत मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावल्या जातात, त्यांची काजळी शिल्पांवर बसते. वंदना हात जोडून आणि शांत बसूनही होते. कोळशाने स्वतःचे नाव लिहिणाऱ्या मुलाला रागावण्याऐवजी जवळचा एखादा लेख दाखवावा आणि सांगावे की, येथे नाव लिहिण्याचा अधिकार काहीतरी देऊन मिळवावा लागतो. ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण गावकरी आणि येणारे उपासक यांनी जपल्याखेरीज कोणतेही संरक्षण पुरे पडत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळजण आज मुंबई, पुणे, सुरत येथे आहेत, काहीजण परदेशातही आहेत. जपानला जाण्याचा योग आला तर यामादेरा अवश्य पाहावे. परंतु त्यापूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत गावी याल तेव्हा, मुलांना घेऊन एक सकाळ कुड्याच्या डोंगरावर घालवावी. सहाव्या लेण्यात त्यांना विजया आणि तिच्या लेकींची नावे सांगावीत. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसून, आपल्या पणजीचे नाव विचारून वहीत लिहून ठेवावे.