‘एअर बेड केवढ्याला?’ – किंमत सांगण्याआधी विचारायचे ५ प्रश्न

सर्जिकल दुकानाच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत गाद्या प्रत्यक्ष लावून दाखवल्या आहेत. तुम्हाला वहीत उतरवून घ्यायला सोपं जावं म्हणून इथे सगळं लिहून देतोय.

या मालाचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा घाईतच येतं. घरात कोणाला तरी लकवा झालाय, नाहीतर खुब्याचं हाड मोडलंय, आज डिस्चार्ज आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय, "एअर बेड घ्या." दुकानात आल्याआल्या पहिला प्रश्न, "केवढ्याला?" तुम्ही लगेच आकडा सांगितलात की सगळं बोलणं किमतीवर जातं आणि तिथेच संपतं. पण चुकीची गादी गेली तर प्रश्न फक्त तुमच्या मालाचा नसतो, तिकडे माणसाच्या पाठीला जखम होते. म्हणून नियम एकच: आधी पेशंट समजून घ्या, मग गादी दाखवा, किंमत शेवटी.

बेडसोर होतो कसा?

हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ती जागा मरायला लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. घाम-लघवीचा ओलावा, चादरीचं घर्षण आणि अपुरं खाणं यांनी काम आणखी बिघडतं.

दुकानात कोणता माल ठेवायचा?

१. बबल एअर बेड: फुगे-फुगे असलेला पातळ बेड, नेहमीच्या गादीवर अंथरायचा. पंप एकाआड एक फुगे भरतो आणि सोडतो, त्यामुळे दाब एका जागी टिकत नाही. स्वस्त आणि सर्वात जास्त खपणारा माल.

२. ट्यूब्युलर एअर बेड: आडव्या जाड नळ्यांचा. महाग, पण उंच असल्यामुळे जड माणसालाही नीट उचलून धरतो. बऱ्याच मॉडेलमध्ये खराब झालेली नळी एकटी बदलता येते.

३. वॉटर बेड: पाण्याचा. वीज लागत नाही, पण भरल्यावर खूप जड होतो, हलवता येत नाही.

४. चांगल्या घनतेची फोम गादी: थोडीफार हालचाल स्वतः करणाऱ्या पेशंटसाठी.

आता ते ५ प्रश्न

१९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी बेडसोरचा धोका मोजायची पद्धत प्रसिद्ध केली, तिला ब्रेडन स्केल म्हणतात. त्यात सहा गोष्टी बघतात: संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण. गुण देणं हे नर्स-डॉक्टरांचं काम. आपण त्यातून फक्त विचारायचं काय, एवढं शिकायचं.

१. पेशंट स्वतः कूस बदलतो का? बदलत असेल तर फोमवर भागू शकतं. अजिबात हलत नसेल तर एअर बेड.

२. वजन किती? खोक्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा गिऱ्हाइकाला दाखवा. मर्यादेच्या जवळ वजन असेल तर वरचं मॉडेल द्या.

३. कातडीवर काही दिसतंय का? लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागते का, ते बघायला सांगा. उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादी देऊ नका.

४. डायपर आहे की कॅथेटर? ओलावा असेल तर पुसता येणारं कव्हर हवं.

५. वीज किती वेळ जाते? पंप बंद पडला की बबल बेड हळूहळू बसतो. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टर आहे का, हे विचाराच. वीजबिलाची भीती वाटत असेल तर हिशोब मांडून दाखवा: ८ वॅटचा पंप २४ तास चालला तर ३० दिवसांत पावणेसहा युनिट होतात.

लावून देणं हे विक्रीचंच काम

मुलगा पाठवा नाहीतर स्वतः जा. फुग्यांची बाजू वर, नळी पायाकडे, पंप पायाकडच्या दांड्याला. बेड पूर्ण भरल्यावरच पेशंटला झोपवायचं. वर एकच सुती चादर. घरचे मायेने खाली गोधडी, वर रबर शीट, त्यावर दुलई असं घालतात आणि बेडचा सगळा उपयोग घालवतात.

मग हाताची चाचणी करून दाखवा. पेशंट झोपलेला असताना तळहात वर करून एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या रेषेत सरकवायचा. हाताला हाड टेकलं तर हवा कमी आहे. मध्ये साधारण एक इंच हवेची जागा राहिली पाहिजे. ही चाचणी घरच्यांकडून एकदा करून घ्या.

गादी काय करत नाही, हेही सांगा

एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायची नाही, असं नसतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं चालूच ठेवायचं, नेमकी वेळ डॉक्टर सांगतील. लाल जागेवर मालिश नको. मधे भोक असलेली गोल रिंग बसायला देऊ नका, कडेच्या भागावर दाब वाढतो. टाचा उचलायला पोटरीखाली उशी ठेवायची. पलंगाचा डोक्याकडचा भाग फार वेळ उंच ठेवला तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते.

तुम्हाला वाटेल, एवढं खरं सांगितलं तर गिऱ्हाईक घेईल का? घेतं. शिवाय जखम झाली नाही की तेच घर पुढच्या पेशंटला तुमच्याकडे पाठवतं.

धंद्याची बाजू

- वापरलेली गादी स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही, हे बिलावर छापा आणि तोंडीही सांगा.
- पंपाची वॉरंटी कोण देणार, कंपनी की तुम्ही, हे माल भरतानाच घाऊक विक्रेत्याकडून लिहून घ्या.
- एक जादा पंप दुकानात कायम ठेवा. रात्री पंप बंद पडलेल्या घरी तो दिलात तर ते घर तुम्हाला विसरणार नाही.
- भाड्याने द्यायचं असेल तर धुता-पुसता येणारं कव्हर असलेला ट्यूब्युलर बेडच घ्या. प्रत्येक पेशंटनंतर कंपनीच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करा आणि तारीख वहीत लिहा.
- मेडिकल डिव्हाइस विक्रीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फॉर्म एमडी-४२ मध्ये मिळतं. माल भरण्याआधी जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात चौकशी करा.

गृहपाठ

पाच प्रश्न एका कार्डावर लिहून काउंटरला चिकटवा. मग घरातल्या कोणाला तरी गिऱ्हाईक करा आणि किंमत न सांगता पाच मिनिटं बोलून बघा. जमलं की पुढच्या धड्यात आपण व्हीलचेअर घेऊ.